बहुसंख्येने उपस्थित राहावे

मार्च उतरणीला लागला की अमरावतीत पत्र्याचा आवाज सुरू होतो. गच्चीवरून, माळ्यावरून कूलर खाली उतरवतात. पत्रा पायरीला घासतो, कुणाचं तरी बोट चेंगरतं, कुणीतरी कुणाच्या तरी नावानं शिव्या घालतं. गेल्या वर्षीच्या काळ्या पडलेल्या ताट्या नालीकाठी फेकल्या जातात, जाळीत नवा वाळा भरतात, टाकीतला गाळ खरवडतात. मोटर चालू केली की आधी धुळीचा लोट तोंडावर येतो आणि मग, शिंका सरल्यावर, ओल्या वाळ्याचा तो वास. याला लोक उन्हाळ्याची चाहूल म्हणतात. चाहूल! तो शब्द ज्यांच्याकडे उन्हाळा दार वाजवून येतो त्यांनी वापरावा. आमच्याकडे तो लाथ मारून दार उघडतो.

काल मीही माझा कूलर उतरवला. एकटीनं, पायरीपायरीनं ओढत. गेल्या वर्षी दुसरं टोक धरायला वैशाली होती. वैशाली अकोटची, वांगी-कोथिंबीर पिकवून बाजारात बसणाऱ्या घरातली. कॉलेजात असताना आम्ही दोघी एकाच संघटनेत शिरलो, मग एकाच खोलीत राहिलो. मी पत्रकं लिहायची, ती वाटायची. ती वाटायची म्हणून लोक घ्यायचे, हे मला तेव्हाही माहीत होतं. आता ती पुण्यात असते.

कूलरबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना सांगावी लागते. आमचा हा पत्र्याचा कूलर म्हणजे खोलीत उभा केलेला ट्रॅक्टर. उन्हाळाभर आम्ही घरातल्या घरात ओरडून बोलतो. ‘भाजी काय करू’ हेही ओरडून. पुण्याच्या पाहुण्यांना वाटतं भांडण पेटलं. खरंच काही सांगायचं असलं की माणूस उठतो, कूलर बंद करतो आणि घामात बसून बोलतो. कुणी कूलर बंद केला की बाकीचे हातातलं काम खाली ठेवतात. सोयरीक जुळली, निकाल लागला, कुणी गेलं, अशा गोष्टींसाठीच तो बंद होतो. फुकटच्या गप्पांसाठी कोण उकडून घेईल?

तर गेल्या उन्हाळ्यात एके दिवशी खोलीत पाट्या वाळत होत्या. धारणीकडच्या एका गावाला रस्ता नाही, बाळंतीण बाई खाटेवर घालून आणावी लागते, म्हणून दुसऱ्या दिवशी निवेदन द्यायला जायचं होतं. पुठ्ठ्यांवर लाल रंगानं मागण्या लिहून आम्ही ते कूलरसमोर भिंतीला टेकवून ठेवले होते. ओला वाळा आणि पोस्टरचा रंग यांचा मिळून एक वास होतो. तो मी डोळे मिटून ओळखीन. वारा जोरात होता, ‘रस्ता’मधला लाल रंग खालच्या ओळीत ओघळत होता, मी चिंधीनं टिपत होते. वैशाली उठली आणि तिनं कूलर बंद केला.

मी चिंधी ठेवली. “काय झालं?”

“काही नाही व.” ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. “ते पाह्य.”

खिडकीबाहेर चौकातलं होर्डिंग. मूर्तिजापूरच्या रस्त्याला नवं थीम पार्क उघडलं होतं, त्याची जाहिरात. तोंड वासलेला हिरवा डायनासोर, मागं उंच पाळणा, आणि पाण्याच्या घसरगुंडीवरून हसत खाली येणारं एक कुटुंब, चौघंही गोरेपान. एवढं गोरं आणि एवढं एकत्र हसणारं कुटुंब मी वऱ्हाडात अजून पाहिलेलं नाही.

“एकदा आपण असं कुठी जाऊ का व,” वैशाली म्हणाली, “जिथी काहीच मागाचं नाही?”

मी काय केलं? मी भाषण दिलं. बाजूच्या गावांत टँकरची वाट पाहत बाया हंडे घेऊन उन्हात उभ्या राहतात आणि हे घसरगुंडीवरून पाणी सोडतात, कुणाचं पाणी, कुणाच्या परवानगीनं, वगैरे. चांगलं भाषण होतं. त्यातला एकही शब्द मी आज मागं घेत नाही.

वैशालीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “झालं का, ताई? आता आभारप्रदर्शन कोण करते?” आणि कूलर पुन्हा चालू केला.

तिची पुण्याची नोकरी पक्की झाल्याचं तिनं मला त्यानंतर सांगितलं, एसटीत, खिडकीबाहेर बघत. आता वाटतं, कूलर तिनं ते सांगायलाच बंद केला असावा. मधे डायनासोर आला आणि डायनासोरच्या मागून मी आले.

आम्ही काही घरकोंबड्या नव्हतो. नागपूरच्या अधिवेशनावर मोर्चा घेऊन गेलो होतो, थंडीत रस्त्यावर वर्तमानपत्रं पांघरून बसलो होतो. मुंबईच्या मैदानात धरणं धरलं, पण समुद्र पाहिला नाही, कारण समुद्राकडे आपली मागणी काय? सेमाडोहला गेलो तेव्हा पर्यटक जिप्सीत बसून वाघ बघायला निघाले होते आणि आम्ही त्याच रस्त्यानं मजुरांच्या थकलेल्या पैशांचं विचारत चाललो होतो. कुठंही गेलो की आधी विचारायचं, साहेब आहेत का. वैशाली म्हणायची, आपण मेलो तरी वर जाऊन आधी निवेदनच देऊ, पोच घेऊ, मगच आत जाऊ.

मागणी नसलेली सहल कशी ठरवतात, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. पण तिची नोकरी कळल्यावर मी मनाशी धरलं की ही जायच्या आधी त्या डायनासोरकडे जायचंच. एक शनिवार. बाकी सगळे शनिवार दुनियेच्या कामाचे होते, एक आमचा. वैशाली तोवर खोली सोडून अकोटला घरी गेली होती, सामान बांधायला. म्हणून ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मोर्चा ठरवायचा असता तर मी डोळे मिटून ठरवला असता. कुठं जमायचं, भोंगा कुणाचा, त्याचे सेल कोण आणणार, पोलिसांना पत्र कोण देणार. इथं काय ठरवतात? तिथं लोक दिवसभर नेमकं करतात काय? पाण्यात जायचं तर कपडे कोणते? सावली असते का? कंटाळा आला तर घोषणा देता येत नाहीत, मग काय करतात?

मी पार्कच्या नंबरवर फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती. मी विचारलं, “आम्हाला शनिवारी यायचं आहे, परवानगी कुणाची घ्यावी लागते?”

“कायची परवानगी, मॅडम?”

“आत यायची.”

“तिकीट काढा न या, मॅडम,” ती म्हणाली, आणि फोन ठेवण्याआधी तिचं हसणं मला ऐकू आलं. हसू दे. ज्यांना आत जायला कधीच परवानगी लागली नाही, त्यांना तो प्रश्न विनोदीच वाटतो.

मग बोलावणं. आमचा जुन्या सोबत्यांचा एक ग्रुप आहे मोबाइलवर. सगळे पांगले आहेत. नीलेश, जो घोषणा द्यायचा तेव्हा समोरच्या दुकानांची शटरं थरथरायची, तो आता विमा विकतो. बाकीचे असेच कुठंकुठं. मला वाटलं, वैशालीला निरोप द्यायचा तर सगळ्यांनाच बोलवावं. मी लिहायला बसले आणि हातानं हाताचं काम केलं:

‘चलो पार्क! चलो पार्क! येत्या शनिवारी सकाळी अकोला बसस्टँडसमोरील रसवंतीजवळ सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे. येताना पाण्याची बाटली व दुपट्टा आणावा. आपली उपस्थिती हीच आपली ताकद.’

खाली मी स्वतःचं नावही घातलं नव्हतं. ‘आपले विनीत’ लिहिलं होतं.

लगेच उत्तरं. अंगठे आले, आवळलेल्या मुठी आल्या. नीलेशनं लिहिलं, ‘जाहीर पाठिंबा!’ त्याखाली आणखी कुणी, ‘सक्रिय पाठिंबा.’ आणि बऱ्याच वेळानं वैशालीचं, ‘पाठिंबा आहे.’

आमच्या धंद्यात पाठिंब्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जो येणार असतो तो काहीच कळवत नाही, तो येतो. जो येणार नसतो तो पाठिंब्याचं पत्र पाठवतो, आणि ते माइकवरून वाचून दाखवलं की लोक टाळ्या वाजवतात. हे मी इतक्या सभांत पाहिलं आहे. तरी त्या दिवशी त्या मुठी पाहून मला वाटलं, चला, जमतील सगळे.

शुक्रवारी मी अकोल्याला घरी मुक्कामाला गेले. अकोल्याच्या उन्हाबद्दल मी काही लिहिणार नाही. ज्यांनी ते अंगावर घेतलं नाही त्यांना ते अतिशयोक्ती वाटेल आणि ज्यांनी घेतलं त्यांना माझी गरज नाही. सकाळी निघताना आई कूलरच्या आवाजावर ओरडली, “कांदा घेतला काय व पर्समंदी?”

“आई, पार्कमधे जातेय मी. शेतात नाही.”

“ऊन काय पार्क पाह्यते काय? घे कांदा. अन् कोण कोण हाये संगं?”

“सगळे,” मी म्हणाले.

ऊन लागू नये म्हणून जवळ कांदा ठेवतात, ही आमची लस. मी घेतला.

रसवंती नुकती उघडली होती. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते, दुकानदार बर्फ फोडत होता, ओल्या गोणपाटाचा वास येत होता. मी दुपट्टा तोंडाला बांधून उभी राहिले. अकोटची बस लागली. कापसाच्या गावाची माणसं उतरली, पिशव्या उतरल्या, एक म्हातारी उतरली, तिच्या मागून तिचं गाठोडं. वैशाली उतरली नाही. ऊन भिंतीवरून खाली सरकत माझ्या चपलांपर्यंत आलं. मी नीलेशला फोन लावला.

“अवो ताई! जमले काय सगळे? फोटो टाका बरं!”

“तू येऊन नाही राहिला?”

“मी?” त्याला खरंच नवल वाटलं. “मले वाटलं बाकीचे असतीनच. आपलं बम पब्लिक जमते न नेहमी. माया एकट्यानं काय फरक पडते?”

मग वैशालीला. तिनं लगेच उचलला, म्हणजे फोन हातातच होता. मागं तिच्या घरातल्या कूलरचा आवाज येत होता.

“निघाली का तू?” मी विचारलं.

“कुठी?”

“कुठी म्हणजे? पार्कमधे! मी रसवंतीजवळ उभी आहे.”

“कोण कोण आलं?”

चरकाचे घुंगरू वाजत राहिले. तिलाही कळलं. मग ती म्हणाली, “तू मले कुठी बोलावलं, अश्वे? तू त जनतेले बोलावलं.”

“तू वेगळी आहेस का जनतेहून?”

हे मी म्हणाले. चिडून म्हणाले. आमच्या शिबिरात या वाक्याला टाळ्या पडल्या असत्या. पलीकडे कूलर नुसता घरघरत राहिला. मला वाटलं ती उठेल, बंद करेल. तो बंद झाला नाही. ती ओरडूनच म्हणाली, “उद्या काकाच्या गाडीनं पुण्याले निघून राहिली मी. सामान बांधाचं हाये अजून.” आणि, “ऊन लागू देऊ नको.” आणि फोन ठेवला.

चूक माझी, असं कबूल करायला मी तयार नाही. तिला एकटीनंच माझ्यासोबत जायचं होतं तर तिनं तसं म्हणायचं होतं. तीही माझ्याइतकीच शिकलेली होती या शाळेत. ‘मला’ म्हणायची सवय दोघींनाही नव्हती. ‘आम्हाला’ म्हणायचो. आमची मागणी, आमचा निषेध. ‘मला तू हवीस’ हे वाक्य कोणत्या पत्रकात बसतं?

जाहीर केलेला कार्यक्रम रद्द करायचा नसतो. दोघं जमले तर दोघांची सभा, एक जमला तर एकाची. हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं. म्हणून मी मूर्तिजापूरच्या बसमधे बसले.

पार्कच्या गेटवर पर्स तपासली. पोरगेल्या शिपायानं कांदा वर काढला आणि उन्हात धरला. “बाहेरचं खायचं आत नेता येत नाही.”

“तो खायचा नाही. उन्हासाठी आहे.”

“नियम आहे, मॅडम.”

“तू कुठला? वऱ्हाडातलाच न? तुझी आई तुला देत नाही कांदा?”

तो ओशाळला. इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच स्वतःच्या शर्टाचा खिसा दाबून दाखवला. त्यात गोल काहीतरी होतं. तरी माझा कांदा त्यानं टेबलावर ठेवून घेतला, आणि जाताना घेऊन जा म्हणाला. कुणाचा नियम, कुणासाठी? मी तिथंच उभी राहून दोन वाक्यं सुनावली असती, पण मागं लेकरंबाळं घेऊन एक कुटुंब ताटकळत होतं.

आत सगळं होर्डिंगसारखंच होतं, फक्त रंग उडालेलं. डायनासोरच्या पायाशी सावली होती, तिथं बाया डबे उघडून बसल्या होत्या. गेटवर त्यांना कुणी अडवलं नसावं, किंवा त्या माझ्यापेक्षा हुशार होत्या. पाण्याजवळ आरडाओरडा चालला होता. कपड्यांचं काय करतात या माझ्या प्रश्नाचं उत्तर समोर होतं. बाया साडीसकट पाण्यात बसल्या होत्या आणि एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या. कुणीही काहीही मागत नव्हतं. मी कडेकडेनं फिरले. एकट्या माणसाला अशा जागी हात कुठं ठेवावे ते कळत नाही. मोर्चात हातात पाटी असते.

उंच पाळण्यापाशी भर दुपारी कुणी नव्हतं. पाळणेवाला डोक्याला दुपट्टा गुंडाळून स्टुलावर बसला होता.

“एकट्याच काय?”

“हो.”

“एकट्याले नाही बसवत. पाळणा कलते. कोणी येऊ द्या, मंग जोडी लावतो.”

“असं कुठं लिहिलंय? दाखवा.”

“लिहाचं काय त्याच्यात? वजनाची गोष्ट हाये.”

“म्हणजे एकट्या बाईला पाळण्यात बसायचा हक्कच नाही?”

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. भांडायच्या बेतात तो नव्हता. “हक्क हाये न. काऊन नाही? थांबा, गोणी आणतो.”

शेडमागून त्यानं रेतीनं भरलेली गोणी खांद्यावर आणली, खताची जुनी पिशवी, तोंड सुतळीनं शिवलेलं. पाळण्यात माझ्यासमोरच्या बाकावर ठेवली, जरा हलवून नीट बसवली, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बसवावं तशी. वरून साखळी लावली. मग पाळणा उठला.

वर गेल्यावर वारा लागला. गरम, पण वारा. खाली सगळी काळी रानं नांगरून पडली होती, कुठं कुठं कापसाच्या पऱ्हाट्या जाळल्याचा धूर सरळ वर चढत होता. एका बाजूला अकोल्याकडे जाणारा रस्ता, दुसऱ्या बाजूला अमरावतीकडे. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक मागण्या त्या रस्त्यानं इकडून तिकडे गेल्या होत्या. पाळणा अगदी टोकाला गेला तेव्हा मी मोठ्यानं हसले आणि म्हणाले, “पाह्य व, पाह्य!”

समोर गोणी होती.

मजा आली, हे मी लपवत नाही. थांबला तेव्हा वाटलं पुन्हा फिरावा. एवढंच झालं की मजा आल्याचं सांगायला पत्रकाचा नमुना नव्हता. निषेध असता तर दहा वर्तमानपत्रांना कळवला असता. ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. ग्रुपवर दुसऱ्या दिवशी कुणीतरी ‘कार्यक्रम यशस्वी झाल्याबद्दल अभिनंदन’ टाकलं, त्यावर अंगठे आले. कांदा मी गेटवर विसरले.

यंदा होर्डिंगवरचा डायनासोर वादळानं अर्धा फाटला आहे, जबडा तेवढा शिल्लक आहे. धारणीकडच्या त्या गावाचा रस्ता अजून व्हायचा आहे. पाट्या मी काल नव्यानं रंगवल्या आणि कूलरसमोर टेकवल्या. तोच वास. रंगवायला आणि टिपायला मी एकटीच, म्हणून रंग ओघळला तर ओघळू दिला. आईचा फोन आला होता, म्हणाली, अकोटच्या बाजारात वैशालीची माय भेटली होती, पोट्टी घरच्या लग्नाला येऊन राहिली म्हणे मेमधे. वर्षभरात वैशालीचे आणि माझे निरोप झाले ते दिवाळी, संक्रांत, होळी. फुलांची चित्रं. तीही जनतेला पाठवलेली असावीत.

आज दुपारी मी मोबाइल घेऊन बसले. ‘येत्या मे महिन्यात’ असं लिहिलं, खोडलं. ‘आपण सर्व’ लिहिलं, खोडलं. ज्या बाईनं जिल्हाधिकाऱ्याला एका बैठकीत निवेदन लिहून दिलं आहे, तिला एका मैत्रिणीला एक ओळ लिहिता येईना. शेवटी, तिच्या एकटीच्या नावावर, लिहिलं:

‘वैशे, तिथल्या मोठ्या पाळण्यात एकट्याले बसवत नाहीत.’

पाठवलं आणि लगेच वाटलं, हे काय लिहिलं? यात मागणी काय आहे? कळेल का तिला?

तिचं उत्तर आलं. ‘तुले काय माहीत?’

कूलरच्या वाऱ्यानं पाट्यांचे पुठ्ठे हलत होते. पुन्हा तिचं:

‘तू गेलती काय व त्या दिवशी? एकटी?’

‘हाव.’

‘मंग समोर कोण बसलं?’

‘रेतीची गोणी,’ मी लिहिलं.

कूलर धडधडत होता, टाकीतलं पाणी ताट्यांवरून निथळत होतं, बाहेर रस्त्यावर कुणी नव्हतं. मग हातातला मोबाइल थरथरायला लागला. तिचं नाव. त्या आवाजात काही ऐकू आलं नसतं.

मी उठले आणि कूलर बंद केला.